कठडा वजा

वर्षातून चार वेळा मी मगदूमांच्या विहिरीत वाकते.
टेपच्या टोकाला हातभर खडू फासते,
शाळेच्या फळ्याचा, पांढरा,
आणि पोलाद खाली सोडते.
खडू भिजला तिथवर पाणी.
मग त्यातून कठडा वजा करायचा, साठ सेंटिमीटर.
साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
मुलाणीबाई, आपण जमिनीपासून मोजतो,
आपल्या वाकण्यापासून नाही.

तेव्हा टेप पारव्यांच्या घरट्यांवरून खाली जायची.
आता घरटी पाण्यात आहेत,
पारवे दुसऱ्याच्या रानात.

जतच्या फेरीवरचा सर्जेराव टेप सोडून सोडून दमतो,
त्याचं पाणी दरसाल थोडं लांब राहायला जातं.
माझं इथं दुधगावात
भर मे महिन्यात नव्वदवर येऊन बसलेलं.
हात घातला तर लागेल.
तरी टेप सोडायचीच, रजिस्टरला हात चालत नाही.
नदीवरून उचललेलं, रात्रभर मोटारींनी पाजलेलं,
उसानं नको म्हटल्यावर मुरलेलं पाणी,
खाली चिकणमातीनं दार लावलं म्हणून
आल्या वाटेनं परत वर चढतंय,
आणि रिकाम्या हातानं येत नाही.

बांधापलीकडे सव्वा एकर पांढरं.
चाललं की पापडासारखं मोडतं.
गावाचं नाव दुधगाव, त्यावर आता कुणी विनोद करत नाही.

रत्नाक्का मगदूम पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत.
दुहेरी फडकं, तांब्याच्या तोंडावर ताणलेलं.
जीव अडतात. मीठ अडत नाही.
गाळलेला एक थेंब तळहातावर घेतात,
जिभेला लावतात, डोळे बारीक करतात.
"चौतीसशे."
मी मीटर बुडवते. तीन हजार चारशे साठ.
"साठ तुझ्या यंत्राचं," म्हणतात,
आणि चहा ठेवायला आत जातात,
चहाचं पाणी पलीकडच्या गल्लीतून आणलेलं.

दिवाळीत आम्ही गुहागरला गेलो होतो.
सगळ्यांनी शिंपले आणले, मी एक बाटली भरून आणली.
का, ते नवऱ्याला सांगता आलं नाही.
जानेवारीच्या फेरीला रत्नाक्कांच्या पुढ्यात ठेवली.
"समुद्र," म्हटलं.
सत्तरीच्या बाईनं बाटली उन्हात धरून पाहिली.
"एवढाच?"

मीटर बुडवला.
पडद्यावर डाव्या कडेला नुसता एक,
पुढं काही नाही.
त्याच्या पलीकडचं मोजायला त्याला कुणी शिकवलेलं नाही.

रत्नाक्कांनी समुद्रसुद्धा गाळला.
तेच फडकं, तोच तांब्या.
थेंब जिभेवर ठेवून खूप वेळ बोलल्या नाहीत.
मी आकड्याची वाट पाहत होते.
"ह्ये सरळ खारट हाय गं.
आमचं आधी कडू लागतंय, मग खारट.
ह्येचं मीठ जेवणातलं.
आमचं कुठलं, कुणाला ठावं."

मग फडक्याकडे बघत बसल्या.
एरवी ते उलटं करून, गाळलेलं पाणी वरून ओतून
अडकलेले जीव विहिरीत परत सोडतात,
अगदी अलगद, दोरीनं, पाण्याला टेकवून.
आज हात थांबला.
"ह्येंनी काय पाप केलंय?
हितलं पाणी सोसायचं न्हाई त्यास्नी."
फडकं बाटलीच्या तोंडावर उलटं धरलं,
तांब्यातला समुद्र त्यावरून हळूहळू ओतला,
सांडलेलं थोडं पदरानं टिपलं,
बूच पिळून पिळून लावलं.
"जाशील तवा ज्याचं त्याला दे."

टेप एक मीटर तीस. कठडा वजा. सत्तर.
लिहिलं.

पिशवीत खडू, रजिस्टर, मीटर,
आणि तळाला ती बाटली.
गुहागरला पुन्हा कधी जाणं होईल, माहीत नाही.
एसटीत बसले की ती मांडीवर घेते,
आडवी होऊ देत नाही.